शृंगाश्वातला तिसरा तारा

बी.एस्सी. झाल्यावर मला एकच गोष्ट हवी होती: दक्षिणेकडील एका वेधशाळेत दुर्बिणीपाशी काम. अर्जासोबत स्वतः केलेल्या निरीक्षणाची आकृती मागवली होती. मी मुद्दाम अवघड तारा निवडला. आर्द्रा आणि व्याध यांच्यामधल्या ओसाड भागात शृंगाश्व हा पुसट तारकासमूह आहे. त्यातला एक मंद तारा वस्तुतः तीन ताऱ्यांचा आहे. तिन्ही पांढरे, एक किंचित अलग आणि दोन जवळजवळ खेटलेले.

प्राध्यापकांनी नाताळच्या सुटीपुरती आपली लहान दुर्बीण दिली. नौपाड्यातल्या आमच्या गच्चीवर जेवणे आटोपताच मी ती मांडत असे. आठ दिवस मला दोनच तारे दिसले.

घरमालकीण मावशींचे अर्धे आयुष्य मिठागरांवर गेलेले. नवव्या दिवशी त्या वर आल्या.

"रोज काय बगतंस गो? मना पन दाव."

तारे किती, ते मी सांगितले नाही. त्यांनी भिंगाला डोळा लावला.

"तीन हान."

"कुठे?"

"यो एक सुटा, न ते दोन चिकटलेलं. तुजं डोलं पुस्तकान गेलं, पोरी!"

दुसऱ्या दिवशी मी त्यांना पुन्हा बघायला लावून विचारले. उत्तर तेच.

माझे वडील, अण्णा, कोर्टात कारकून. त्यांना यात अडचणच दिसेना. "तिसरा आहे हे छापलेलं आहे ना? मग काढ की ठिपका. इथे कोण तपासायला येतोय?"

ठिपका कुठे काढायचा हे मला अचूक ठाऊक होते. तीन दिवस अर्ज तसाच पडून राहिला. अखेर मी दोनच काढले आणि खाली लिहिले: तिसरा आमच्या घरमालकीणबाईंना दिसला, मला नाही.

वेधशाळेने मला घेतले, पण गणिताच्या खोलीत. नोंदीच्या प्रामाणिकपणाचे कौतुक त्याच पत्रात होते.

इतरांनी पाहिलेल्या ताऱ्यांची अंतरे आणि कोन मी आता दिवसभर सोडवते. संध्याकाळी घुमट उघडल्याची घरघर ऐकू येते, तेव्हा माझी घरी जायची वेळ झालेली असते. मागच्या आठवड्यात माझा तोच तारा टेबलावर आला. गणित एका बैठकीत सुटले. वही परत देताना मी निरीक्षकांना विचारले, "तिसरा कसा दिसतो?"

"कसा म्हणजे?" ते म्हणाले. "अंतर लिहिलंय की."