दातेरी चाक

माझ्या दोन आसनी विमानाचं वय माझ्याएवढंच. कोर्टाच्या बार रूममधले मित्र म्हणतात, वकिलानं पांढरा हत्ती पोसलाय. गेल्या वर्षी त्याचा बॅटरी चार्ज करणारा आल्टरनेटर जळला, तोही नेमका आईला कणकुंबीवरून फिरवून आणायचं ठरल्यावर. कणकुंबी तिचं माहेर. ऐंशी ओलांडलेल्या आईला ते रान एकदा वरून बघायचं होतं.

नवा आल्टरनेटर, कागदपत्रांसकट, परदेशातून यायला चार महिने लागणार होते. तोवर आईचं कसं, या धास्तीनं मला झोप लागेना. शेवटी जळका आल्टरनेटर पिशवीत घातला आणि खासबागेतल्या घरून थेट निपाणी गाठली. तिथं ट्रकांच्या आल्टरनेटरचं वाइंडिंग करणारे एक अण्णा आहेत, त्यांच्या हाताला तोड नाही. विमानाचं नाव काढलं तर ते हात लावणार नाहीत, म्हणून मी बेधडक सांगितलं, "जुन्या जीपचा हाय."

चार दिवसांनी गेलो. तांब्याचे वेढे असे बसवले होते, की बघत राहावं. अण्णांनी तो फिरवून दाखवला, दिवा लख्ख पेटला. मी हात पुढे केला, तर त्यांनी तो उचलून मागच्या फळीवर ठेवला.

"वकीलसायेब, जीपला पट्ट्याचं चाक असतंय. ह्याला दातेरी चाक हाय. कशाचा हाय हा?"

चोरी पकडली गेली. विमानाचं सांगावंच लागलं. तरी वकिली सुटेना. "अण्णा, हा बंद पडला तरी इंजिन चालूच राहतंय."

"आणि दात तुटून इंजिनात गेला तर? कोण बसणार हाय त्यात?"

"आई."

"मग न्हाय."

"चाक बघून तुमाला पहिल्या दिवशीच कळलं असंल. मग एवढा जीव ओतून केला कशाला?"

"जमतंय का बघायचं होतं," अण्णा हसले. "जमलं. पर ट्रक मी तीस वर्सं बघतोय, इमान एकदाबी न्हाय. तुमी कागदपत्रांचा नवाच आणा."

परतताना संकेश्वर येईपर्यंत मी रागानं धुमसत होतो, पुढे लाज वाटायला लागली. कोर्टात इतकी वर्षं काढली, पण स्वतःच्याच कामाविरुद्ध असा निकाल देणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आईला सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, "चार महिन्यांत मी कुठं जात न्हाय. आणि आधी त्या माणसाला फिरवून आण रं."

नवा आल्टरनेटर आला. विमानाच्या इंजिनिअरनं तो बसवून सही केली. अण्णा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. आम्ही उडालो. खाली उसाची शेतं, तळी, हायवे सगळं सरकत होतं, पण गड्याची नजर चार्जिंगच्या सुईवरून हलली नाही.

उतरल्यावर ते सरळ धावपट्टीच्या कडेला खुर्चीत बसलेल्या आईकडे गेले, तिचा हात धरून तिला विमानापाशी आणलं आणि म्हणाले, "आक्का, आता बसा."