दाराआडचं न्हाणं

परतीच्या विमानाला दोन दिवस उरले असताना माझी करोनाची तपासणी पॉझिटिव्ह आली, आणि सगळ्यात आधी मला राग आला तो माझ्या नाकात काडी घालणाऱ्या त्या गोऱ्या पोरीचा. काडी घालायच्या आधीच ती 'सॉरी' म्हणाली होती. काम करण्याआधी माफी मागणाऱ्याच्या हातून काम धड होत नाही, असं माझं जुनं मत आहे. आमच्या अमरावतीत अशी माफी मागून कोणी इंजेक्शनसुद्धा देत नाही.

मग राग आला तो धुरीचा. मी रोज नातीला न्हाऊ घातल्यावर ओवा, वेखंड आणि लसणाची सालं यांची धुरी द्यायची. इंग्लंडात निखारे कुठून आणायचे? म्हणून जुन्या तव्यावर. पहिल्याच दिवशी छताला चिकटवलेलं ते धुराचं यंत्र असं कोकललं की शेजारचं म्हातारं जोडपं स्वेटर घालून रस्त्यावर येऊन उभं राहिलं. त्यानंतर धुरी चालू असेपर्यंत आमचे जावई हातात ताट घेऊन यंत्राखाली वारा घालत उभे राहायचे. दोन दिवस माझा घसा खवखवत होता, तेव्हा मला वाटलं धूर लागला. वऱ्हाडातल्या बाईचा घसा धरला की ती आधी फोडणीवर संशय घेते, मग धुरीवर. रोगाचा नंबर फार मागे लागतो.

त्या दोन दिवसांत नात माझ्याच पायांवर न्हाली होती. हे आठवलं आणि राग कुठल्या कुठे गेला. लेकरू जेमतेम दोन महिन्यांचं होतं.

लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमची रीत. पण त्या हिवाळ्यात विमानांचे नियम रोज बदलत होते आणि पोटुशी पोरगी एवढ्या लांब आणायची कुणाची छाती होत नव्हती. म्हणून मी माहेरच उचलून तिकडे नेलं. डिंक, खारीक, सुंठ, अळीव, बाळंतशेपा, वेखंड आणि जुन्या लुगड्यांचे मऊ धडपे, असं सगळं दोन बॅगांत कोंबून. माझ्यानंतर अकोल्याहून विहीणबाई जाणार होत्या. त्यांचा व्हिसा अडकला होता, त्यामुळे मधले काही आठवडे माझ्या पोरीला जाणत्या बाईमाणसाशिवाय काढायचे होते. आणि तिला न्हाऊ घालता येत नव्हतं.

हे मी फार मनाला लावून घेतलं होतं. मी धामणगाव रेल्वेची. आमच्या घरचा भाजीचा मळा, आणि माझी आई मळ्यातून आली की अर्ध्या गल्लीतली लेकरं तिच्या पायांवर न्हायची. तोच हात मला आला. अमरावतीत आमच्या कॉलनीत कुणाकडे पाळणा हलला की पहिलं बोलावणं मला. जमिनीवर पाय लांब करून बसायचं, नडग्या जुळवायच्या, लेकराचं डोकं पावलांकडे घ्यायचं, आणि पाठीवर गरम पाणी घ्यायचं. शेजारी तांब्या घेऊन एकजण पाणी टाकणारी लागते. न्हाऊ घालणारी मुख्य, पाणी टाकणारी मदतीची. माझ्या लेकीला मी रोज समोर बसवून दाखवायची, आणि ती रोज म्हणायची, "मले भेव वाटते आई. घसरन ते."

"घसरत नाही. मी तुले नाही घसरू दिलं."

"तुह्ये पाय वेगळे आहेत."

लहानपणी झोक्यावर उभी राहायला घाबरणारी पोरगी ही. कॉम्प्युटरवर काय काय करते ते मला कळत नाही, पण लेकराला उचलायच्या आधी ती दोनदा माझ्याकडे पाहायची ते मला दिसायचं. मी गेल्यावर हिचं कसं होणार, या काळजीनं मला तिथे झोप लागत नव्हती.

पॉझिटिव्ह आल्याचं कळताच लेकीनं मला ज्या खोलीत ठेवलं ती तिचीच बाळंतिणीची खोली. तिथे मी तिला सव्वा महिना डांबून ठेवलं होतं. ताट-वाटी वेगळी, कान झाकलेले, गार पाण्याला हात लावायचा नाही, बाहेरून आलेल्यानं पाय धुतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. "हे बाळंतपण आहे की जेल?" असं ती तेव्हा रोज विचारायची. आता तिनं माझं ताट दाराबाहेर ठेवलं आणि तोंडाला मास्क लावून म्हणाली, "हे सगळे तुह्येच नियम होय आई. आता तूच पाळ."

दुसऱ्या दिवशी जावईही पॉझिटिव्ह निघाले. घरात खोल्या दोनच. सासू आणि जावई एका खोलीत कोंडायचे म्हटलं असतं तर मी खिडकीतून उडी मारली असती, आणि त्यांनी माझ्याआधी. म्हणून ते दुसऱ्या खोलीत. दोन बंद दारं, आणि बाहेरच्या बैठकीत माझी घाबरट पोरगी, अंगावर पिणारं लेकरू घेऊन एकटी.

मी दाराआडून ओरडले, "आंघोळ नको घालू. ओल्या फडक्यानं पुसून घे."

"पाहते," ती म्हणाली.

न्हाणीघर माझ्या खोलीला लागूनच होतं. थोड्या वेळानं नळाचा आवाज आला. मी भिंतीला कान लावला. तिनं फोन लावून फळीवर ठेवला होता, मला दिसावं म्हणून. पण वाफेनं काच अशी भरली की फोनमध्ये नुसतं धुकं. त्या धुक्याकडे पाहत मी सूचना सोडायला लागले. नडग्या जुळव. मान धर. आधी पाठ. पाणी कोपरानं पाहा. एवढ्या सूचना मी शाळेतल्या बाईंकडूनही ऐकल्या नव्हत्या. लेकरू रडत होतं, मी बोलत होते, आणि मध्येच तिचा आवाज आला, "आई, चूप बस थोडी. मले लेकराचं ऐकू येऊन नाही राहिलं."

जन्मात पहिल्यांदा ती मला चूप बस म्हणाली. मी बसले. खरोखर खाली बसले, पलंगाच्या कडेला. तिकडे तांब्याचा आवाज, पाण्याचा आवाज, आणि मग ती स्टेशनांची नावं म्हणायला लागली. बडनेरा, कुरुम, माना, मूर्तिजापूर, बोरगाव, अकोला. अमरावतीजवळच्या बडनेऱ्यापासून अकोल्यापर्यंत, माहेर ते सासर. लग्नानंतर ती त्या गाडीनं इतक्यांदा गेली-आली होती की तिला तीच तोंडपाठ. अकोल्याला पोचली की परत उलटी, बडनेऱ्यापर्यंत. मूर्तिजापूरच्या आसपास कुठेतरी लेकराचं रडणं थांबलं.

"घसरलं नाही?" मी शेवटी विचारलं.

"लुगड्याचा धडपा ओला करून नडग्यांवर टाकला. त्यावर घेतलं. कशाले घसरते?"

मला हे इतक्या वर्षांत कधी सुचलं नव्हतं. माझे पाय मळ्यातले, खरखरीत, त्यांना गरजच पडली नाही. तिनं आपले पाय ओळखले आणि त्यावर उपाय काढला. मी सहसा कुणाचं कौतुक करत नाही, केलं की माणसं शेफारतात. पण त्या बंद खोलीत मी एकटीच म्हणाले, वा गं पोरी. मोठ्यानं म्हणाले. शेजारच्या खोलीतून जावयांनी विचारलं, "काही म्हणालात का?" मी नाही म्हटलं.

त्यानंतर एका दुपारी लेकरू प्यायला तयार होईना. अंग गरम लागतंय, असं लेकीनं दाराबाहेरून सांगितलं. गेल्या दोन वर्षांत आपण सगळ्यांनीच 'अंग गरम लागतंय' हे फार ऐकलं होतं, आणि त्यापुढे काय काय झालं तेही पाहिलं होतं. माझ्यामुळे हे झालं, हे एकच डोक्यात. मी उठले आणि दाराची मूठ धरली.

तिला मुठीचा आवाज कळला असावा. "आई, दार उघडायचं नाही," ती म्हणाली. आवाज अजिबात चढवला नव्हता. "तू बाहेर आली तर मी दोघींकडे पाहू का एकीकडे?"

"मले एकदा पाहू दे वं."

"नाही."

मी दाराला डोकं टेकवून रडले. लाज सोडून रडले. बाहेर ती फोनवर तिथल्या नर्सशी इंग्रजीत बोलत होती, थांबत, विचारत, पुन्हा विचारत. मग फोन ठेवला, आणि बराच वेळ नुसती कपड्यांची सळसळ. झबलं, त्यावर स्वेटर, त्यावर दुपटं, कानाला टोपडं, टोपड्यावर रुमाल. लेकराच्या अंगावरचं हे सगळं माझंच शिकवलेलं. लेकरू कसं गाठोडं दिसलं पाहिजे, असं मी तिला बजावून ठेवलं होतं. आमच्याकडे पौषातल्या पहाटे दारं-खिडक्यांच्या फटींतून वारं येतं, तिथे ते बरोबर. पण त्या घरात भिंतीला लावलेला हीटर दिवसभर चालू. लेकीनं एकेक पापुद्रा उतरवला, थांबली, पुन्हा थर्मामीटर लावला, हे तिनं मला नंतर सांगितलं.

"उतरलं," ती म्हणाली. "काही नाही झालं आई. शिजून राहिली होती बिचारी." आणि मग हसली. तिच्या हसण्यात रडं मिसळलेलं होतं, पण दारापलीकडून तिनं ते मला कळू द्यायचं नाही असं ठरवलेलं दिसत होतं. थोड्याच वेळात नातीचा चुटुचुटु पिण्याचा आवाज आला. मी आजवर भरपूर कीर्तनं ऐकली, पण इतकं जीव लावून काही ऐकल्याचं आठवत नाही.

मला वाटतं, त्या दुपारी मला खरी भीती लेकराची नव्हती. म्हणजे होतीच, पण तिच्यामागे दुसरी एक होती. मी नसले तर हे घर चालणार नाही, ही ती भीती. आणि ते घर माझ्या डोळ्यांदेखत, नव्हे, माझ्या कानांदेखत चाललेलं होतं. दोन आजारी माणसांचं जेवण वेळेवर दाराशी येत होतं. माझ्या ताटात एकदा तिनं डिंकाचा लाडू ठेवला. "तुह्यं बाळंतपण चालू आहे ना," म्हणाली. अमरावतीहून घरधनी रोज फोन करायचे. फुलांच्या वावरातून, शेवंतीची तोड चालू असताना. एकदा त्यांनी विचारलं, "पोरगी घाबरली नाही ना?" मी म्हटलं, "ती नाही घाबरली. मी घाबरली." एवढं खरं बोलायची मला सवय नाही, आणि त्यांना ऐकायची.

नातीला शेवटपर्यंत काही झालं नाही. जावयांची तपासणी लवकर निगेटिव्ह आली, ते आधी सुटले, मग मी सुटले. बाहेर आले तेव्हा आधी हात साबणानं धुतले, मग सरळ न्हाणीघरात गेले, पातळ खोचलं आणि पाय लांब करून बसले. लेकीनं लेकरू मुकाट्यानं माझ्या पायांवर दिलं. लेकरानं असा भोंगा लावला की शेजारचं जोडपं पुन्हा रस्त्यावर येईल असं वाटलं. मी मान धरली, हात फिरवला, माझ्या आईचं जुनं बडबडगीत म्हटलं. काही उपयोग नाही. पोट्टीची कंबर माझ्या नडग्यांवर टिकेना, ती सारखी आईकडे मान वळवत होती.

"दे," लेक म्हणाली.

मी दिली. ती बसली, धडपा टाकला, आणि लेकरू तिच्या पायांवर असं पसरलं जसं काही ती जागा त्याच्यासाठीच घडवली होती. मी तांब्या उचलला. आयुष्यात पहिल्यांदा मी पाणी टाकणारी झाले. दुसऱ्याच तांब्याला लेक म्हणाली, "आई, गरम आहे. कोपर लावून पाह्यलं नाही का तू?"

मी विसरले होते. मला, मला, तिनं विचारलं! वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही, नाही असं नाही. पण त्यापेक्षा अभिमान मोठा होता आणि तो मला लपवता येईना. मी तोंड वळवून थंड पाण्याचा नळ सोडला.

विमानाआधीची तपासणीही निगेटिव्ह आली. या वेळी काडी घालणारी पोरगी सॉरी म्हणाली नाही. मी अमरावतीला आले.

आल्यावर काही दिवसांनी अकोल्याहून विहीणबाईंचा फोन आला. व्हिसा झाला होता. त्या खुशीत होत्या, बॅग भरत होत्या, काय काय नेऊ म्हणून विचारत होत्या. मी डिंक सांगितला, अळीव सांगितलं, वेखंड नको म्हटलं. मग त्या जरा लाजत म्हणाल्या, "बाई, एक सांगा. नातीले पायावर न्हाऊ घालाले भेटन ना मले? मी तर रोज पाय लांबोऊन बसाची सवय करून राहिली."

"नाही भेटन," मी म्हटलं. "न्हाऊ तिची माय घालते. तुमी फक्त पानी टाकजा."

मला वाटलं, फार तोडून बोलले. मग त्या हळूच म्हणाल्या, "बरं. मंग पानी किती गरम घेऊ?"

"ते मले नका विचारू," मी म्हटलं. "तिले विचारजा."