पप्पांच्या गाडीचा अलार्म

पप्पांच्या मारुतीला अलार्म बसवायचं ठरलं ते चोरांच्या भीतीने नव्हे. कंपनीतून निवृत्त झाल्यावर काही वर्षांतच त्यांना विसर पडू लागला होता. दुपारी जेवण झालं की ते डबा मागायचे आणि सेकंड शिफ्टला म्हणून गाडी काढायचे. एकदा थेट कासूच्या रेल्वे फाटकापाशी सापडले. फाटक केव्हाच उघडलं होतं, मागून हॉर्न वाजत होते आणि पप्पा स्टिअरिंग धरून नुसते बसले होते. किल्ली लपवली की लहान मुलासारखे रडत. आईला ते बघवत नसे. निदान दार उघडताच भोंगा वाजेल, आपण धावत जाऊ, असं तिच्या मनात आलं. पप्पांना आम्ही सांगितलं, आपल्या अष्टमी गावात चोऱ्या वाढल्यात.

फिटर पेणहून एसटीने आला. त्याने बॉनेट उघडलं तसे पप्पा चष्मा लावून बाहेर आले. त्यांची सगळी नोकरी इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये गेली होती.

"नुसती टेप गुंडाळतोस?"

"काका, भारीतली टेप हाय. सुटत नाय."

"इंजिन तापलं की सुटते. तार पीळ, सोल्डर मार, मग टेप."

"म्हणजे फिटर मी का तुम्ही?"

"मी. तू अजून शिकतोयस."

फिटर हसला आणि त्याने पेटीतून सोल्डरगन काढली. पप्पांनी एकेक जोड ओढून पाहिला. आत पाणी साचू नये म्हणून भोंग्याचं तोंड खाली करून घेतलं. सकाळी त्यांना माझं नाव आठवलं नव्हतं. मी दारात उभी राहून त्यांचा तो जुना, खडसावणारा आवाज ऐकत होते.

माहितीचं पत्रक इंग्रजीत होतं. "आमची इंग्लिश मीडियमची आहे, ती वाचेल," पप्पा म्हणाले. मी मान खाली घालून मराठीत सांगत गेले. रिमोटचं बटण न दाबता दार उघडलं की भोंगा वाजणार.

"मालकाने उघडलं तरी?"

"हो."

"बरोबर आहे. यंत्राला माणूस कसा कळणार?"

फिटरने माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. आईने त्याला फोनवरच सगळं सांगितलं होतं. रिमोट माझ्या मुठीत होता. पप्पांनी तो मागितला नाही. "काम चोख आहे," एवढंच म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात भर दुपारी भोंगा वाजला. मी धावत गेले. पप्पा डबा छातीशी धरून गाडीभोवती फिरत होते, वाकून चाकांखाली बघत होते. मी बटण दाबलं.

"चोर होता. पळाला."

"पप्पा, आत चला."

"गाडी सोडून कसा येऊ? खुर्ची आण. आणि कंपनीत फोन कर, आज शिफ्टला येत नाही म्हणावं."

मी खुर्ची नेऊन दिली. डबा मांडीवर ठेवून ते गाडीला टेकून बसले. फोन खिडकीपाशीच होता. ते वळून बघत होते, म्हणून मी रिसीव्हर उचलला आणि नंबर न फिरवता कानाला लावून उभी राहिले.