गिरण्यांचा कप आणि आमचा भिकूदादा

चार गिरणीवाले एका बाकड्यावर बसले की किस्से आपोआप उगवतात, पेरावे लागत नाहीत! आमच्या लालबागेत तर निम्मे किस्से भिकूदादाचे. दादा साचेखात्यात विणकर आणि आमच्या गिरणीच्या फुटबॉल टीमचा कॅप्टन. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात गिरण्यांचा कप सुरू झाला, तेव्हापासून हा खेळतोय. पण कप काही आमच्याकडे फिरकला नव्हता.

*

सुरुवातीला म्हणे गोऱ्या साहेबांचीही टीम असायची. ते बुटांत, आपले अनवाणी. एकदा एका साहेबाचा बूट थेट दादाच्या अंगठ्यावर! नखच उडालं. साहेब घाबरला. "सॉरी, सॉरी! तुम बाहर बैठो!"

दादा म्हणाला, "साहेब, अजून नऊ नखं शिल्लक आहेत!"

*

मी टीममध्ये आलो तोवर साहेब गेले होते आणि संयुक्त महाराष्ट्राचं रान पेटलं होतं. दादाची चाळिशी उलटलेली, तरी रोज पहाटे चाळीच्या पटांगणात प्रॅक्टिस! एकदा बॉल खिडकीतून त्याच्याच घरात, चुलीवरच्या पेजेत पडला. वहिनी तरातरा बाहेर आल्या. "पेज गेली सगळी! आता ह्यो बॉल शिजवन घालू काय तुमका?"

"घाल! पण कप येयसर प्रॅक्टिस बंद होवची नाय!"

*

सेमीफायनल तोंडावर आली आणि आमचा गोलकीपर बाबू सत्याग्रहात पकडला गेला. दादा तडक चौकीवर. "जमादारसाहेब, बाबूला सोडा, नाहीतर मलाही आत घाला. गोलकीपरशिवाय मी बाहेर राहून करू काय?"

जमादार पक्का फुटबॉलवेडा. बाबूला सोडलंन, वर दम भरला, "जा! पण हरलात तर दोघांनाही आत टाकीन!"

आम्ही जिंकलो. न जिंकून सांगतो कोणाला!

*

फायनल परळच्या गिरणीशी. ऐन रंगात मैदानातूनच मोर्चा आला. "झालाच पाहिजे!" झालं! दोन्ही टीमा घोषणा द्यायला धावल्या, रेफरीसकट. दादाही मूठ उगारून बेंबीच्या देठापासून ओरडत होता, पण बॉलवर ठेवलेला पाय काही काढीना!

*

मोर्चा पुढे गेला, खेळ पुन्हा सुरू झाला, पण ह्या खोळंब्यात दुपारपाळीची वेळ होत आली. एरवी सामना त्याआधी उरकायचा, कारण दोन्ही टीमांतले आम्ही सगळे दुपारपाळीवाले. भोंगा वाजला की पाय आपोआप गिरणीकडे. फाटक लागलं की खाडा! आणि भिकूदादाने उभ्या नोकरीत एक खाडा केला नव्हता. ताप अंगात घेऊन साच्यावर उभा राहणारा माणूस तो. शिवाय हा कप झाला की तो खेळणं सोडणार होता. म्हणजे आता नाही तर कधीच नाही. माझा जीव टांगणीला लागलेला.

अजून एकही गोल नाही. शेवटची मिनिटं. दादाच्या पायात बॉल आला, आणि भोंगा!

परळचे बॅक वळले. आमचेही वळले. अहो, मीसुद्धा वळलो! त्यांच्या गोलकीपरने तर पोस्टमागचा जेवणाचा डबा उचलला. दादाने सावकाश बॉल आत ढकलला.

परळवाले रेफरीवर धावून गेले. रेफरी म्हणाला, "माझी शिट्टी वाजली का? गोल!"

कप छातीशी धरून दादा ढसाढसा रडत होता. मी विचारलं, "दादा, भोंगा ऐकलास नाही?"

"ऐकला ना! पण सकाळीच ठरवलेलं, आज खाडा!"