यमुना तोरस्कर हीच वैशाली परब असल्याबाबत

अर्जदार : श्रीमती वैशाली दिगंबर परब, राहणार घाटकोपर पश्चिम, धंदा घरकाम.

सामनेवाले : एक, 'यमुना तोरस्कर' या नावाने खाते उघडणारा अज्ञात इसम. दोन, चित्रांचा ऑनलाइन बाजार चालविणारी परदेशी कंपनी, जिचे नाव मी येथे घेत नाही.

साक्षीदार : श्रीमती सरस्वती विश्राम परब, अर्जदाराच्या सासूबाई, वय ऐंशीच्या पुढे. कु. शलाका दिगंबर परब, अर्जदाराची मुलगी, नोकरी खासगी बँकेत.

दिनांक : गौरी-गणपतीच्या विसर्जनानंतरचा मंगळवार व त्यापुढील दिवस.

लिहिणार : गंगाराम सखाराम जाधव, अर्जलेखक, शिक्षण नववी, टेबल अंधेरीस कोर्टाच्या रस्त्याला.

वरील मंगळवारी दुपारी शलाकाने आपला मोबाइल माझ्या टाइपरायटरवर आडवा ठेवला. तिची आई मागे उभी होती. मी खुर्ची पुढे केली तरी ती बसली नाही.

"काका, अर्ज लिहायचाय. पण कागदावर नाही."

"कोणाच्या नावे?"

"एनएफटी मार्केटप्लेसच्या."

"पत्ता सांगा."

"पत्ता नाहीये. ई-मेल आहे."

पत्ता नसलेल्या कार्यालयाकडे मी तोपर्यंत कधी दाद मागितली नव्हती. तथापि पक्षकार दारात आल्यावर मी परत पाठवीत नाही. हकीकत सांगा, म्हणालो.

वाचकांपैकी अनेकांस हा प्रकार नवीन असेल, म्हणून मला जसा समजला तसा सांगतो. मोबाइलवरचे चित्र कोणीही पाहू शकतो, उतरवूनही घेऊ शकतो. परंतु त्याच्या मालकीची नोंद संगणकात एकाच्याच नावे राहते आणि ती नोंद विकता येते. जमीन जागची हलत नाही, सात-बारावरचे नाव तेवढे बदलते, तसेच हे. त्या नोंदीला एनएफटी म्हणतात. ज्या खात्याची ओळख कंपनीने तपासली, त्याच्या नावापुढे निळी टिक येते. ते खाते व्हेरिफाइड झाले. प्रमाणित प्रतीवरच्या गोल शिक्क्याचे जे काम, तेच या टिकचे.

वैशालीबाई बॉलपेनने चित्रे काढतात. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर विळी, किसणी, डब्यांची फळी, शेगडीवर उतू गेलेले दूध. शलाकाने ती चित्रे इंटरनेटवर टाकली. लोकांना आवडली. मग कोणा इसमाने ती तेथून उचलली, त्या बाजारात 'यमुना तोरस्कर' नावाने खाते उघडले आणि विकावयास ठेवली. मायलेकींना कळले तेव्हा त्यांनीही त्याच नावाने खाते उघडून टिकसाठी अर्ज केला. त्यावर कंपनीने उलट त्यांनाच नोटीस दिली : तुम्ही यमुना तोरस्कर या चित्रकर्तीची नक्कल करीत आहात, खुलासा न आल्यास खाते बंद होईल.

मी चित्रे निरखून पाहिली. प्रत्येकाखाली कोपऱ्यात सही होती, यमुना तोरस्कर.

"तुमचे नाव वैशाली परब. मग सही दुसऱ्याच्या नावाने का करता?"

"दुसऱ्याचं नाही ते. माझंच आहे. लग्नाआधीचं."

"लग्नाला किती वर्षं झाली?"

"तिसाच्या वर. तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं, तेव्हापासून मी वैशाली. जुनं नाव लिहायला दुसरी जागाच उरली नाही, म्हणून तिथं लिहीत गेले."

त्यानंतर त्या खुर्चीवर बसल्या.

मी पुरावे मागितले. शाळेचा दाखला त्यांनी गावाहून कधी काढलाच नव्हता, पुढे ती शाळाही राहिली नाही. आईवडील वारले, एकुलता भाऊ वारला, यजमानही वारले. रेशनकार्डापासून आधारपर्यंत सर्व कागद मुंबईत, लग्नानंतर झालेले. म्हणजे यमुना तोरस्कर नावाची मुलगी कोकणात वाढली, याला कागदावर काहीच आधार नव्हता.

'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' हे प्रतिज्ञापत्र माझ्या रोजच्या कामातले आहे. बँकेचे पासबुक, वारसहक्क, पेन्शन, बायांच्या निम्म्या अडचणी त्याच्यावर सुटतात. मी ते स्टॅम्प पेपरवर तयार केले, नोटरी करविले आणि शलाकाने फोटो काढून पाठविले. आम्ही चहा मागविला. चहा येण्यापूर्वी उत्तर आले. अमान्य.

"एवढ्या तडकाफडकी माझा अर्ज कोणत्याही कचेरीने फेटाळलेला नाही. वाचला नसावा."

"मशीनने वाचलाय, काका."

"मग माणसाकडे अपील करा."

अपील मी मराठीत सांगत गेलो, शलाका इंग्रजीत टाइप करीत गेली.

"काका, 'सबब'ला इंग्लिशमध्ये काय म्हणू?"

"गाळा. पण 'विनंती' गाळू नका."

काही दिवसांनी खरोखर एका माणसाचे उत्तर आले. भाषा सभ्य होती. अर्जदारास लग्नापूर्वीच्या नावाने ओळखणारी कोणी व्यक्ती असल्यास व्हिडिओ कॉलवर हजर करावी. तिने आपले ओळखपत्र दाखवावे व ते नाव स्वतः सांगावे. तसे न झाल्यास निर्णय कायम राहील.

अशी हयात व्यक्ती एकच होती. मुलगी पाहावयास गेलेल्या आणि ताटातले नाव ठरविणाऱ्या सासूबाई.

मी मेट्रोने घाटकोपरला गेलो. सासूबाई खाटेवर बसून लसूण सोलत होत्या. साक्षीदार गडबडू नये म्हणून जबानी मी आधीच लिहून ठेवीत असतो. त्यांना वाचता येत नव्हते, म्हणून मी मोठ्याने वाचून दाखविली : 'मी शपथेवर सांगते की माझी सून वैशाली हिचे लग्नापूर्वीचे नाव यमुना शांताराम तोरस्कर असे होते.' म्हाताऱ्या बाईंची स्मरणशक्ती उत्तम. एकदा ऐकून त्यांनी जबानी म्हणून दाखविली. फक्त नावाच्या जागी थांबल्या आणि म्हणाल्या, "जां होतां तां."

"आजी, नाव घ्यावे लागेल."

"माझ्या सासूचा नाव तां. आजपर्यंत तोंडातसून काढूक नाय."

"त्या आता नाहीत ना?"

"म्हणान काय झाला? हिका ओरडतानाय तां नाव घेवक लागला असता. म्हणानच तर बदललंय."

शलाका म्हणाली, "आजी, आईचं खातं बंद होईल गं. चोराचं राहील."

"तू गप ऱ्हव. तुझ्या आवशीची चित्रां पयली कोणी बघितली? मीच ना? माझी विळी, माझी किसणी."

हे मला ठाऊक नव्हते. कॅलेंडरची पाने महिना संपला की खिळ्यावरून काढून, घडी न घालता, गादीखाली सपाट ठेवण्याचे काम त्याच करीत आल्या होत्या. सुनेच्या चित्रांना कागद त्यांनीच पुरविला. त्यांना वाचता येत नसल्याने खालची सही काय आहे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्या दिवशी शलाकाने सांगितले. सासूबाईंनी सोललेला लसूण वाटीत टाकला आणि पुढची पाकळी सोलावयास घेतली.

ठरल्या वेळी कॉल लागला. शलाकाने मोबाइल डब्याला टेकवून ठेवला. पडद्यावर एक तरुण गोरी बाई आली. ओळखपत्र पाहून झाले. सासूबाईंनी जबानी म्हणावयास सुरुवात केली आणि नावापाशी आल्या.

त्या थांबल्या. पडद्यावरच्या बाईने इंग्रजीत विचारले, शलाकाने मराठीत सांगितले, "आजी, नाव काय होतं, विचारतायत." मी माझ्या हातातला कागद पुढे केला, जणू त्यांना वाचता येणार होते. सासूबाईंनी तो हाताने बाजूला सारला.

तेव्हा वैशालीबाई स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभ्या होत्या. तेथूनच म्हणाल्या, "राहू दे, आई. नको. बंद झालं तर होऊ दे खातं."

सासूबाईंनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहून हात जोडले. तो त्यांच्या सासूबाईंचा. मग मान ओट्याकडे वळविली आणि रोजच्या आवाजात हाक मारली :

"यमुना, पाणी दी गो माका."

"आणते, आई."

उत्तर क्षणाचाही विलंब न लागता आले. वैशालीबाई तांब्या-पेला घेऊन पुढे आल्या. पाणी सासूबाईंच्या हाती दिल्यावरच आपल्याला कोणत्या नावाने बोलाविले ते त्यांच्या ध्यानात आले असावे, कारण त्या तेथेच खाटेच्या कडेला बसल्या आणि पदराने तोंड पुसू लागल्या. पडद्यावरच्या बाईने मराठीचे भाषांतर मागितले नाही. तिने एवढेच विचारले की पाणी आणणारी हीच का. शलाका म्हणाली, "येस."

त्याच आठवड्यात खात्यापुढे निळी टिक आली. तोतया खाते बंद झाले. सासूबाईंनी ते नाव पुन्हा घेतले का, हे मी शलाकाला एकदा विचारले. म्हणाली, "नाही. पण आता वैशालीसुद्धा म्हणत नाही. नुसतं 'गो' म्हणते."

या प्रकरणातून मी एवढेच शिकलो की साक्षीदाराला जबानी लिहून देऊ नये. जे शाबीत करावयाचे ते त्याच्याकडे असते, माझ्या कागदावर नसते. अर्थात प्रतिज्ञापत्रात चूक एकही नव्हती, हेही नमूद करतो.

आता सामनेवाले क्रमांक दोन यांस विनंती. आपल्या नमुन्यात नाव, ई-मेल व फोटो यांस जागा आहे. लग्नापूर्वीच्या नावास नाही. आमच्या भागातील कितीतरी बायांची दोन नावे असतात आणि पहिल्या नावाचे साक्षीदार दरवर्षी कमी होत जातात. सबब तेवढा एक रकाना वाढवावा, आणि तसे केल्याचे अथवा न करण्याचे कारण लेखी कळवावे. उत्तर मशीनने न देता माणसाने द्यावे. ते श्रीमती यमुना तोरस्कर, घाटकोपर पश्चिम, या नावे पाठविल्यास पोहोचेल. पोस्टमनला शलाकाने सांगून ठेवले आहे.