पडवीच्या छताचा रंग

रंगाच्या दुकानात आडवं झालेलं माणूस मी एकदाच पाहिलं, रोह्याच्या बाजारात. मी टर्पेंटाइनची बाटली घ्यायला गेलो होतो. माझ्या आधी निडीकडची एक पन्नाशीची बाई आली होती. पडवी बंद करून केलेल्या झोपायच्या खोलीचं उतरतं छत तिला रंगवायचं होतं.

"छताला पांढराच द्या, वहिनी. खोली मोठी दिसते," दुकानदार म्हणाला.

"नको. पांढरा दवाखान्यात बघून झाला."

मग ती पिशवी उशाला घेऊन सरळ बाकड्यावर आडवी झाली. दुकानदार ओशाळला, ती नाही. रंगांचं कार्ड माझ्या हातात देत म्हणाली, "दादा, जरा वर धरा. सपाट नाय, छतासारखं तिरकं. पायाकडं खाली."

मी धरलं. भाताच्या कोवळ्या रोपासारख्या हिरव्यावर तिने बोट ठेवलं आणि बराच वेळ बघत राहिली.

"एवढा हिरवा? आल्यागेल्याला बरा नाही दिसणार," दुकानदार म्हणाला.

"आलागेला उभ्याउभ्या बघून जाणार. आमचे हे पाठीवर पडून हायत. दिवसभर त्यांनाच बघायचाय."

मी आजवर घराचे सगळे रंग उभ्यानेच निवडले होते.

"लावायला माणूस पाठवू?" डबा देताना दुकानदाराने विचारलं.

"नको. शेतावर ने, शेतावर ने, एवढंच म्हणत असतात. नेता येत नाय." तिने डबा उचलला. "भात जन्मभर खाली वाकून लावला. आता मान वर करून लावते."