दोन भाषांतले अग्रलेख वाचणारे गृहस्थ

आमच्या वाचनालयात एक गृहस्थ रोज मोबाईलवर इंग्रजी आणि अरबी अग्रलेख वाचत बसतात. मिहानच्या उद्योगनगरीतल्या एका कंपनीत ते अरबीचे अनुवादक आहेत. एकदा म्हणाले, "इंग्रजीवाला बहुतेक समोरच्याचा मुद्दा घेऊन खोडते. अरबीवाला आपलीच गोष्ट फिरूनफिरून सांगते, मनात उतरेपर्यंत."

"मग खरा युक्तिवाद कोणता?"

"तेच तं मले समजून नाही राह्यलं."

पुढे वाचनालय बंद करायचं का, हे ठरवायला सभा भरली, तेव्हा मी बंद करा म्हणणाऱ्यांचा एकेक मुद्दा खोडला. कोणी मान वर केली नाही. मग ते गृहस्थ उठले आणि शांतपणे तीनदा म्हणाले, "इथं लोकं वाचतेत." पहिल्या वेळी हसलेले लोक तिसऱ्या वेळी गप्प झाले. वाचनालय टिकलं.

बाहेर त्यांनी मलाच विचारलं, "सर, लोकायले पटलं, का नुसते कंटाळले?"